बोलायला कारण लागतं

जून २०१९ मध्ये दहावीचा निकाल लागला तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. अभ्यासक्रम नवा होता, प्रश्नपत्रिकेचं स्वरूप बदललं होतं. पण सर्वाधिक बोट दाखवलं गेलं ते भाषा विषयांच्या बंद केलेल्या तोंडी परीक्षेकडे. शाळेच्या हातातले वीस गुण गेले म्हणून मुलं नापास झाली, असं पालकांपासून संस्थाचालकांपर्यंत सगळे म्हणू लागले. पुढच्या शैक्षणिक वर्षात अंतर्गत गुण परत आले, निकाल वर गेला आणि वाद मिटला. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला. तोंडी परीक्षा चालू होती त्या काळात मुलं बोलायला शिकत होती का? हे गुण जवळपास सर्वांना सढळ हातानं दिले जात, हे शिक्षणक्षेत्रातलं उघड गुपित होतं. दहा वर्षं शाळेत काढलेल्या मुलाला चार लोकांसमोर आपलं म्हणणं सलग मांडता येतं का, समोरच्याचं ऐकून त्याला उत्तर देता येतं का, अडलेलं विचारता येतं का, याची चिंता कोणाला नव्हती. ती आजही फारशी नाही. बोलणं ही शिकवण्याची गोष्ट आहे, आणि वर्गात ते शिकवण्याचा सर्वांत हुकमी मार्ग खेळाचा आहे, हे या लेखाचं म्हणणं आहे. खेळानं मुलं खूश होतात हा त्यामागचा दुय्यम मुद्दा. खेळ मुलाला बोलायला कारण देतो, हा मुख्य.

धाराशिव जिल्ह्यापुरतं पाहिलं तर ही गरज जास्तच जाणवते. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतेक शाळांच्या पाटीवर माध्यम मराठी असतं, पण मुलं घरून वेगवेगळ्या बोली घेऊन येतात. उमरग्याकडे कर्नाटकाची हद्द लागते आणि अनेक घरांत कानडी चालते. तांड्यावरची मुलं गोरमाटी बोलतात, पारधी वस्तीवरच्या मुलांची भाषा आणखी निराळी, मुसलमान घरांत दखनी. घरची भाषा मराठीच असली तरी ती 'काय करलालास?' आणि 'कामून?' अशी मराठी असते. पाठ्यपुस्तकातली मराठी तिथं पाहुणीच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली काही मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, तेव्हा वर्गाशी तुटलेला धागा त्यांना पुन्हा जोडावा लागतो. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा अनुभव या मुलखाला जुनाच आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी शिक्षणावर उर्दूची पकड होती. त्या चौकटीबाहेरचं शिक्षण मिळावं म्हणून इथं राष्ट्रीय शाळा निघाल्या. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या अशाच शाळेत स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवलं. राज्य बदललं, माध्यम बदललं, तरी पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवताच मुलाची वाचा बसण्याचा प्रकार संपलेला नाही. अंगणात, ओट्यावर, पाणवठ्यावर अखंड बडबडणारं मूल वर्गात 'हो' आणि 'नाही' यापुढे जात नाही, तेव्हा दोष मुलात शोधण्याआधी वर्गात बोलण्याची सोय काय आहे ते पाहायला हवं.

ती सोय किती तोकडी आहे, हे साध्या हिशेबानं कळतं. अमेरिकी संशोधक नेड फ्लँडर्स यांनी वर्गातल्या संवादाच्या नोंदी करून एक ढोबळ नियम मांडला होता. तासाचा दोन तृतीयांश वेळ वर्गात कोणी ना कोणी बोलत असतं, आणि त्या बोलण्यातला दोन तृतीयांश वाटा शिक्षकाचा असतो. पस्तीस मिनिटांची तासिका आणि पस्तीस मुलं धरली तर या हिशेबानं सगळ्या मुलांच्या मिळून वाट्याला जेमतेम आठ मिनिटं येतात आणि एकेका मुलाच्या वाट्याला तेरा-चौदा सेकंद. तेही समान वाटणी झाली तर. प्रत्यक्षात पुढच्या बाकावरची चार-पाच मुलं ती मिनिटं संपवतात आणि बाकीच्यांचं बोलणं एका सुरात 'होऽ सर' म्हणण्यापुरतं उरतं. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच उत्तराची वाट पाहतात. तोच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प राहणारी मुलंही तोंड उघडतात. ज्या मुलाला मनातलं वाक्य घरच्या बोलीतून शाळेच्या भाषेत आणायचं आहे, त्याला तर हे दोन जादा सेकंद फार मोलाचे. शिवाय वर्गातल्या प्रश्नांची एक खोट आहे. उत्तर ठाऊक असलेला माणूस ते विचारतो. फळ्यावर काय लिहिलं आहे, हे शिक्षकाला दिसत असतं आणि मुलालाही. सांगण्यासारखं काही नसतानाचं हे सांगणं परीक्षेसारखं वाटतं, आणि परीक्षेत चुकण्यापेक्षा गप्प बसणं बरं, हे मूल लवकर शिकतं.

खेळ हा पेच सोडवतो. एकाला माहीत आहे आणि दुसऱ्याला माहीत नाही, अशी स्थिती खेळात मुद्दाम तयार करता येते. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही ठिकाणच्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा जो प्रयोग केला, त्याचा पाया असाच होता. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांसमोर सोडवायच्या गोष्टी ठेवल्या आणि त्यांचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात एकाजवळची माहिती दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची असते, दुसऱ्यात हाती असलेल्या माहितीवरून तर्क करायचा असतो आणि तिसऱ्यात आपलं मत ठरवून मांडायचं असतं. लक्ष अर्थाकडे असलं की भाषा आपोआप कामाला लागते, हे त्यांचं सूत्र. प्रभूंचा भर मुलांच्या गटकामावर नव्हता, त्यांचा वर्ग शिक्षकच चालवत असे. पण ही तीन प्रकारांची फोड आपल्याला खेळ निवडायला फार उपयोगी पडते.

एक खेळ जवळून पाहू. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकाच्या हातात आठवडी बाजाराचं चित्र, दुसऱ्याच्या हातात कोरी पाटी. पहिल्यानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकून काढायचं, अडलं तर विचारायचं. चित्र दाखवायचं मात्र नाही. पहिला म्हणतो, 'एक म्हातारी बसलीय.' दुसरा विचारतो, 'कुठं?' 'झाडाखाली.' 'झाड कुठं काढू?' 'हिकडं,' असं म्हणून पहिला हात दाखवतो आणि लगेच त्याच्या ध्यानात येतं की पाठीमागच्याला हात दिसत नाही. मग तो 'डाव्या बाजूला, वर, कोपऱ्यात' असे शब्द शोधू लागतो. तो क्षण या खेळाचा गाभा आहे. रोजच्या बोलण्यात हातवारे, नजर आणि 'हे बघ, ते बघ' यावर भागतं. इथं ती सोय काढून घेतल्यानं नेमका शब्द लागतो. म्हातारीच्या पुढ्यात वांगी किती, शेळी बांधलेली आहे की मोकळी, चहाच्या गाड्यापाशी कोण उभं आहे, असे प्रश्न चित्र पुरं होईपर्यंत चालतात. शेवटी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की सांगण्यात कुठं कसर राहिली ते शिक्षकानं न सांगताही दोघांना दिसतं. वीस मिनिटांच्या या खेळात एकेक मूल सहज आठ-दहा मिनिटं बोलतं. तेरा सेकंदांच्या जागी आठ मिनिटं! खर्च म्हणाल तर जुन्या मासिकातली किंवा हातानं काढलेली काही चित्रं आणि पाट्या.

याच कसोटीवर नेहमीचे खेळ तपासले तर कोणता किती कामाचा ते कळतं. मामाचं पत्र हरवलं या खेळात मजा आहे, पळापळ आहे. बोलणं मात्र ठरलेलं. भेंड्यांत आठवणीला ताण मिळतो, वाक्यरचनेला फारसा नाही. कानगोष्टीत ऐकण्याचा सराव होतो आणि निरोप कसा बिघडतो तेही कळतं. आपल्याकडच्या कोड्यांचं मात्र सोनं करता येईल, फक्त उत्तर पाठ असता कामा नये. मुलांनीच एखाद्या वस्तूचं नाव न घेता वर्णन करून कोडं रचलं की भाषेचा कस लागतो. 'मी कोण?' या खेळात पाठीवर चिठ्ठी लावलेलं मूल इतरांना प्रश्न विचारून आपली ओळख शोधतं. वर्गात एरवी शिक्षकाच्या मालकीचं असलेलं प्रश्न विचारण्याचं काम इथं मुलाकडे येतं. गोष्टीच्या साखळीत आधीच्यानं काय सांगितलं ते ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य जोडताच येत नाही. वरच्या वर्गांसाठी मताचे खेळ आहेत. गावाच्या पाण्याच्या टाकीत दोन दिवसांचं पाणी उरलं आहे, कोणाला आधी द्यायचं? शेतकरी, दवाखाना, शाळा, जनावरांचा गोठा अशा भूमिका वाटून घेतल्या की टंचाई जवळून पाहिलेली इथली मुलं हिरिरीनं वाद घालतील, आणि 'कारण', 'पण', 'तरीसुद्धा', 'असं झालं तर' हे तर्काचे दुवे त्यांच्या तोंडी रुळतील.

यावर पहिला आक्षेप येतो की वाचन-लेखनाचीच बोंब असताना बोलण्यावर वेळ कशाला घालवायचा? हा आक्षेप वाचन म्हणजे काय याच्या अर्धवट समजुतीतून येतो. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र असं की वाचून समजणं हा अक्षरं उलगडण्याची क्षमता आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही मोठी असून उपयोग नाही. घडाघडा वाचणारं आणि 'काय वाचलंस?' म्हटल्यावर गप्प होणारं मूल हे या गुणाकाराचं चालतं-बोलतं उदाहरण. इंग्लंडमधल्या एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशननं अनेक अभ्यास एकत्र करून मौखिक भाषेवर ठरवून काम केल्यास मुलांची सरासरी सुमारे सहा महिने जादा प्रगती होते, असा निष्कर्ष काढला आहे. तिथली परिस्थिती वेगळी आहे, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथं लावू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या निपुण भारत अभियानातही भाषेच्या घटकांत मौखिक भाषाविकासाला पहिलं स्थान आहे. अडचण मोजमापाची आहे. तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान साठ शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्ट ठरवता येतं आणि घड्याळ लावून तपासताही येतं. बोलण्याला असं घड्याळ लावता येत नाही, आणि जे मोजलं जात नाही ते तासिकेतून हळूहळू गळतं.

दुसरा आक्षेप प्रमाणभाषेचा. मुलं आपसात खेळली तर बोलीतच बोलणार, मग शुद्ध मराठी कधी येणार? या काळजीला थोडा आधारही आहे. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास करताना मेरिल स्वेन यांना आढळलं की वर्षानुवर्षं ऐकूनही त्या मुलांचं बोलणं आणि लिहिणं कच्चं राहतं. पण त्यांनी काढलेला निष्कर्ष लक्षात घ्यावा असा आहे. आपलं म्हणणं समोरच्याला नीट कळेल अशा रीतीनं मांडण्याची निकड मुलावर यावी लागते, म्हणजे आपल्याला काय येत नाही ते त्याला जाणवतं. म्हणजे उपाय बोलणं वाढवण्यातच आहे. बोलीतून बोलणारं मूल प्रमाणभाषेकडे जाऊ शकतं. गप्प बसवलेलं मूल कुठेच जात नाही. तुळजापूरच्या या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको. गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि साथीदार मध्येच शंका काढून, प्रश्न विचारून ते पुढे नेतो. ऐकणाऱ्यांना बांधून ठेवणारं ते बोलणं ओव्या, म्हणी आणि रोजची बोली यांच्यावरच उभं असतं. म्हणून खेळ चालू असताना दुरुस्तीसाठी मध्ये तोंड घालू नये. शिक्षकानं कान देऊन ऐकावं, अडलेले शब्द टिपून ठेवावेत आणि खेळ संपल्यावर पाच-सात मिनिटं त्यांवर बोलावं. 'हिकडं'ला पुस्तकात काय म्हणतात, गोरमाटीत काय, कानडीत काय, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिलं की बोलीचा मान राहतो आणि प्रमाण शब्दही पदरात पडतो. ही शेवटची मिनिटं वगळली तर खेळ निव्वळ करमणूक होतो, हे मात्र मान्य करायला हवं.

तिसरा आक्षेप वेळेचा, गोंगाटाचा आणि मनुष्यबळाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठपर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता. त्यात माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणं. अशा शिक्षकाला 'खेळ घ्या' असं सांगणं सोपं आणि त्यानं ते करणं अवघड, ही तक्रार खरी आहे. मात्र जोडीनं खेळायचे खेळ बहुवर्ग शाळेला उलट सोयीचे पडतात. चौथीचं मूल आणि दुसरीचं मूल यांची जोडी लावली की मोठ्याला समजावून सांगावं लागतं, लहानाला नवे शब्द मिळतात, आणि शिक्षक तेवढा वेळ तिसऱ्या इयत्तेकडे पाहू शकतो. पोर्शनचं म्हणाल तर खेळासाठी वेगळी तासिका लागत नाही. परिसर अभ्यासातला बाजार, गणितातली खरेदी-विक्री, भाषेतला पाठ, या सगळ्यांवर खेळ रचता येतो. गोंगाटाबद्दल मात्र आपली दृष्टी बदलावी लागेल. मुलं गप्प म्हणजे शिस्त चांगली, हा समज मुख्याध्यापकांपासून तपासणीला येणाऱ्यांपर्यंत घट्ट बसलेला आहे. याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात शिक्षण कृतीतून व्हावं, मूल भयमुक्त असावं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं, असं म्हटलं आहे. कामाच्या बोलण्यानं भरलेला वर्ग कायद्याला हवा तसाच वर्ग आहे.

खेळानं शिकवणं हे परदेशी खूळ आहे असंही कोणी म्हणतं, त्यांना आपल्या वारशाची आठवण करून द्यावी लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीनं जे काम उभं केलं, ते गाणी, गोष्टी, खेळ आणि परिसरातल्या वस्तूंवरच उभं होतं, आणि तेही अशा मुलांसाठी ज्यांची घरची बोली शाळेच्या भाषेपासून कितीतरी लांब होती. त्याहून गंभीर आक्षेप असा की खेळात धीट मुलंच बाजी मारतात आणि लाजरी, विशेषतः मुली, आणखी मागे सरतात. संपूर्ण वर्गासमोर, हार-जीत ठेवून घेतलेल्या खेळात हे घडतंच. म्हणून सुरुवात जोडीपासून करावी, मग चौघांचा गट आणि शेवटी वर्ग. बाद होण्याचे खेळ टाळावेत, कारण बाद होणारं मूल बहुधा तेच असतं ज्याला बोलण्याची सर्वांत जास्त गरज आहे. माहिती वाटून दिलेल्या खेळात प्रत्येकाकडे असा एक तुकडा असतो की त्याच्या बोलण्यावाचून डाव पुढे सरकत नाही. गप्प मुलाची वाट इतरांना पाहावीच लागते. इंग्रजीलाही हेच लागू आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बहुतेकांची मजल स्वतःचं नाव-गाव सांगणाऱ्या पाठ वाक्यांपलीकडे जात नाही आणि पालक पदरमोड करून स्पोकन इंग्लिशचे क्लास शोधतात. तिथं शब्द थोडे असतील, म्हणून चित्रंही सोपी हवीत. बोलायला कारण मात्र तितकंच लागतं.

धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. तिथं शाळेतलं पिण्याचं पाणी, वीज, मुलींची स्वच्छतागृहं, वेळेवर मिळणारी पुस्तकं आणि मुलांची भाषा-गणितातली संपादणूक यांचा हिशेब ठेवला जातो, आणि तो ठेवायलाच हवा. बोलण्यासाठी जिल्ह्यानं दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदांत शिक्षकांनी एकेक खेळ स्वतः खेळून पाहावा आणि वर्गात काय जमलं, काय फसलं ते पुढच्या परिषदेत सांगावं. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं इथल्या बाजाराची, शेताची, यात्रेची चित्रं आणि बोलींचे शब्दसंच शाळांना पुरवावेत. तोंडी परीक्षेचे गुण द्यायचेच आहेत तर ते वर्षभर जोडीत नि गटात मुलानं काय सांगितलं, काय विचारलं यावरून द्यावेत. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के जागा पालकांच्या आहेत, त्यांनी बैठकीत खोल्या आणि पत्र्यांच्या विषयाबरोबर एक प्रश्न नेमानं विचारावा: आमच्या मुलांना या महिन्यात वर्गात बोलायला किती वेळ मिळाला? पुढे हीच मुलं ग्रामसभेत उभी राहणार आहेत, बँकेत कर्जाच्या अटी विचारणार आहेत, डॉक्टरला दुखणं सांगणार आहेत, मुलाखतीला जाणार आहेत. तिथं गप्प राहण्याची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागते, आणि ती टाळण्याची तयारी पहिलीच्या वर्गातल्या वीस मिनिटांच्या खेळापासून सुरू करता येते.